आबांची कालवं

माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, आयुष्यात एकच ऑइल पेंटिंग केलं आणि तेही दगडांचं, असं माझी माय शेवटपर्यंत सांगत राहिली. ते दगड नव्हते, कालवं होती. पण आम्ही पडलो खानदेशी माणसं. पाण्यातलं खाणं म्हणजे आम्हाला तापीतला मासा ठाऊक, तोही वर्षातून कधीतरी, आणि तोसुद्धा काळ्या मसाल्यात असा बुडवायचा की तो मासा आहे की वांगं हे खाणाऱ्याने काट्यावरून ओळखावं. खडकाला जन्मभर चिकटून बसणारं, दगडासारखं दिसणारं काहीतरी लोक फोडून काढतात आणि वर त्याच्यावाचून त्यांचा जीव कासावीस होतो, हे ज्ञान आमच्या घरात दादाच्या लग्नाच्या वाटेने आलं.

आम्ही तेव्हा सुरतेत, लिंबायतला दोन खोल्यांत राहायचो. चारी बाजूंना लूमची खडखड, त्यामुळे आमच्या गल्लीतलं कुणीच हळू बोलायला शिकलेलं नव्हतं. लाइट गेली की लूम एकदम बंद पडायचे आणि ज्याचं जे चालू असेल ते वाक्य सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. त्यातून कितीतरी भांडणं आणि निदान एक सोयरीक जन्माला आली. मायचा आवाज तर असा होता की लूम चालू असतानाही तो पलीकडच्या गल्लीत पोचावा. ती सकाळी कळण्याच्या भाकऱ्या थापायची, आणि रविवारी शेवभाजी. त्या शेवभाजीचा तर्रीदार लाल रंग अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. आता डॉक्टरने तिखट बंद केलंय आणि सून फिकी आमटी पुढे ठेवते. मी गुमान खाते, पण मनातल्या मनात शेव चुरते.

आबा साडीच्या प्रिंट मिलमध्ये डिझाइन काढायचे. सगळे पुरुष लूमवर, आणि आबा खिडकीशी पाट टाकून फुलं काढतायत, यामुळे गल्लीत त्यांना मान होता आणि थोडी चेष्टाही. त्यांच्या कामाचे दोन नियम होते, ते मला पाठ होते कारण लहानपणापासून ट्रेसिंगचा कागद धरायचं काम माझ्याकडे असायचं. पहिला नियम रिपीटचा. डिझाइनच्या डाव्या कडेला जे अर्धं फूल कापलं जाईल, त्याचं उरलेलं अर्धं उजव्या कडेला आलं पाहिजे, म्हणजे कापड छापत गेलं की फुलाला फूल जुळतं. दुसरा नियम रंगांचा. जितके रंग तितक्या स्क्रीन, म्हणून सातव्या रंगाला हात लावला की शेठ केबिनमधून गुजरातीत ओरडायचा. आबांनी तीस वर्षं असं काम केलं. बाजारात गेलो की अनोळखी बाईच्या मागे ते चार दुकानं चालत जायचे, आपला पदर नीट छापला गेलाय का ते बघायला, आणि माय मागून हाका मारत यायची. काही बायका रागावायच्या. एकीने छत्रीही उगारली होती.

माझा थोरला भाऊ रमेश, त्याला आम्ही दादा म्हणायचो, इच्छापोरला कंत्राटावर कामाला होता. त्याला शालन भेटली ती शटल रिक्षात. सुरतेत शटल रिक्षात चार माणसांच्या जागेत सात बसवतात, त्यामुळे तिथे माणसं एकमेकांच्या फार लवकर जवळ येतात. शालनचे वडील तांडेल मालवणकडचे, हजीऱ्याला बार्जवर नोकरीला. उंच, काळेसावळे, मिशी पिळलेली. त्यांनी बोलणी करायला आम्हाला जेवायलाच बोलावलं. आम्हाला धाकधूक होती की जात काढतील, भाषा काढतील, दादाची कंत्राटी नोकरी काढतील. त्यांनी त्यातलं काहीच काढलं नाही. त्यांनी कालवं काढली.

कुणीतरी गावाहून बर्फात घालून पाठवलेली कालवं होती. सुरतेत आल्यापासून त्यांना सगळी मासळी मिळाली, गावच्या चवीची कालवं तेवढी मिळाली नव्हती. म्हणून ती ज्या दिवशी आली त्याच दिवशी त्यांनी आम्हाला बोलावलं होतं, हे मला फार नंतर कळलं. तेवढ्या प्रेमाने आम्हाला कुणीच काही वाढलं नसेल. ओलं खोबरं घालून केलेलं कालवांचं सुकं ताटात पडलं. आबांनी डोळे मिटून पहिलं कालव औषधाच्या गोळीसारखं पाण्याबरोबर गिळलं. दादा शालनकडे बघत बघत खात होता, त्याला ताटात वाळू वाढली असती तरी चाललं असतं. मायने ताटाकडे पाहिलं, हात जोडले आणि म्हणाली, "मना आज उपास शे."

"कसला उपास?" तांडेलबाईंनी विचारलं.

"रविवारना," माय म्हणाली.

हा उपास तिने त्या क्षणी सुरू केला होता. तो मग तिला तांडेलांच्या ओळखीपाळखीत जन्मभर धरावा लागला.

पण तांडेल काही दूधखुळे नव्हते. जेवण झाल्यावर त्यांनी पान लावलं आणि कालवांवर बोलायला सुरुवात केली. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, गावच्या बायका कशा लोखंडी कोयती घेऊन खडकांवर जातात, बाळंतिणीला कालवांचं सार कसं देतात, शिंपा भाजून चुना कसा करतात, त्याच चुन्याने घरं कशी बांधली जातात आणि तोच चुना पानाला कसा लावतात. बोलताना त्यांचा आवाज ओला झाला होता. नेमक्या त्याच वेळी आबांना ढेकर आला आणि गिळलेलं कालव परत भेटायला येतंय की काय असा त्यांचा चेहरा झाला. तांडेलांनी ते पाहिलं. सुपारीचं खांड तोंडात टाकून म्हणाले, "माज्या चेडवान तुमच्याकडे खावचा काय? शेव?"

मग त्यांनी "विचार करून कळवतंय" म्हटलं. विचार करून कळवतो याचा अर्थ साऱ्या महाराष्ट्रात एकच आहे.

दादाने जेवण सोडलं. म्हणजे पूर्ण सोडलं नाही, पण पहिल्याच भाकरीनंतर हात धुवायला लागला, आणि आमच्या घरात त्याला अन्नत्यागच म्हणायचे. शालनने निरोप पाठवला की बाबा म्हणतात, ज्यांना आपलं खाणं ओकारीसारखं वाटतं त्या घरात पोरगी द्यायची नाही. माय रोज सकाळी दादाच्या तोंडाकडे बघायची आणि रोज संध्याकाळी आबांवर ओरडायची, की एक ढेकर आवरता आला नाही, पोराचा संसार मोडला. आबा बोलण्यात कच्चे होते. व्याह्याकडे जाऊन चार गोड शब्द बोलणं त्यांच्याच्याने व्हायचं नव्हतं. एके दिवशी पाटावर बसल्या बसल्या त्यांनी जाहीर केलं, "मी चित्र काढस. कालवंसनं. ऑइलमा. मोठं."

त्यांना वाटत होतं की तांडेलांनी जे जे सांगितलं ते सगळं आपण ऐकलं होतं, मान देऊन ऐकलं होतं, एवढं त्या चित्रातून कळलं तरी पुरे. मला तेव्हा आबांचा फार अभिमान वाटला आणि त्याहून जास्त काळजी वाटली.

मिलमधून स्क्रीनची एक जुनी लाकडी फ्रेम आणली, तिच्यावर जाड कोरं कापड ताणलं. भागळच्या दुकानातून ऑइलचे रंग आणले. त्या रंगांच्या वासाने सगळ्यांची डोकी धरली. आता मॉडेल हवं. दादा हजीऱ्याच्या एका मच्छीमाराकडून बादलीभर कालवं घेऊन आला, वर ओलं गोणपाट टाकून. माय बादलीत डोकावली.

"हाई काय लई उनास? ह्या ते दगडं शेतस!"

तेवढ्यात एका दगडाने तिच्या तोंडावर पाण्याची चिळकांडी मारली. माय जी मागे सरली ती थेट चुलीपाशी. पण ती अन्नाला नाव ठेवणारी बाई नव्हती. घरात आलेली खायची वस्तू वाया जाऊ द्यायची नाही आणि व्याह्याच्या आवडीची असेल तर मुळीच नाही, हे तिचं शास्त्र. आबा मिलमध्ये गेले आणि तिने सगळी कालवं घासणीने घासून, अंडी उकडतात तशी मोठ्या पातेल्यात उकडली, मग कवचासकट काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडली. पळी फिरवली की पातेल्यातून सायकल पडल्यासारखा आवाज यायचा. संध्याकाळी आबा नवा ब्रश घेऊन हसतमुखाने घरात शिरले तेव्हा त्यांची सगळी मॉडेलं आ वासून तर्रीत तरंगत होती.

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ती कवचं धुऊन पाटावर मांडली आणि जशी दिसली तशी काढली, उघडी, तोंड वासलेली. खडकाला चिकटलेलं जिवंत कालव ओहोटीला तोंड घट्ट मिटून असतं, हे आमच्या घरात कुणाला माहीत असणार?

मग बायका. कालवं काढणाऱ्या बायका आबांनी पाहिलेल्या नव्हत्या, घरात एकच बाई वाकवण्याजोगी होती. मी होते, पण माझ्या वाकण्यात वजन नाही असं आबांचं मत पडलं. त्यांनी मायला दारापुढे उभं केलं, पदर खोचायला लावला, हातात सांडशी दिली आणि म्हणाले, "आवं, वाक. आनखी जराशी. मान वर करू नको."

माय वाकली. आबा पाटीवर कागद लावून समोर बसले. पाच मिनिटांत शेजारची यूपीवाली भाभी आली. तिने विचारलं, "क्या गिर गया दीदी?" मायला मान वर करायची मनाई होती, तिने हुंकार भरला. भाभीला वाटलं काहीतरी मोठं हरवलंय, बहुतेक कानातलं. तीही वाकून शोधायला लागली. तिला बघून आणखी दोघी आल्या, एक गुजराती काकी चष्मा घेऊन आली, लूमवरून जेवायला सुटलेले कामगारसुद्धा खाली बघत चालू लागले. सगळी गल्ली जमीन चाळत होती. कुणाचीतरी जुनी जोडवी सापडलीही. "मन्हं कुकर शिट्ट्या मारी राह्यनं!" असं माय जमिनीकडे बघत ओरडली, आणि आबा म्हणाले, "हालू नको."

एवढ्या वाकलेल्या बायका समोर असताना आबांनी काढली ती फक्त माय. एक आकृती बरोबर बसली की ट्रेसिंग घेऊन पुढच्या काढायच्या, ही त्यांची तीस वर्षांची सवय. मी कागद धरला आणि आबांनी माय छापायला सुरुवात केली. ओळीने. पहिली ओळ झाली की दुसरी ओळ अर्ध्या अंतराने सरकवून, साडीवर बुट्टी मांडतात तशी. कडेला येणारी माय अर्धी कापली, तिचं उरलेलं अर्धं पलीकडच्या कडेला. मला राहवलं नाही. "आबा, चित्रात रिपीट नसतं."

"आनि शेजारे दुसरं लावं ते? जोडाले नको?"

मी कागद पुढे सरकवला. समुद्र त्यांनी राणी कलरच्या जवळपासचा केला, कारण संध्याकाळ होती आणि सहाच रंग वापरायचे होते. वरच्या बाजूला होडी, चुन्याची भट्टी, पोराला घेऊन बसलेली बाळंतीण. खाली सगळीकडे कालवं. आणि उजवीकडे, हात थांबलाच नाही म्हणून, पदर. चांगला भरजरी, कोयऱ्यांचा. समुद्र संपतो तिथून पदर सुरू होत होता.

तांडेलांना आम्ही घरी बोलावलं. ते यायला तयार नव्हते, तांडेलबाईंनी आणलं. शालनलाही बरोबर आणलं होतं, कारण तिला घरी ठेवली असती तर ती कुठे गेली असती हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते दारात आले तेव्हा आबा चित्रापुढे वारा घालत उभे होते. पोस्टर कलर बघता बघता वाळतो, ऑइल आठवडाभर ओलं राहतं, हे आबांना रंग लावून झाल्यावर कळलं होतं. दादाने चित्रावरची चादर ओढली तर चादरीला थोडा समुद्र लागला होता.

बाहेर लूम चालू होते. आधी तांडेलबाई पुढे गेल्या आणि दुकानात कापड बघतात तशी त्यांनी चित्राची कड अंगठा आणि बोटात धरून चाचपली. अंगठा गुलाबी झाला. "हेची साडी गावात काय?" म्हणजे अशी साडी मिळेल का, असं त्यांनी विचारलं. आबांच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी कधी पाहिलं नव्हतं, पण तांडेलांनी हात वर केला आणि बाई मागे सरल्या.

तांडेल वाकून बघत होते. "ही सगळी मेलेली हत," ते म्हणाले. "जित्या कालवाचा तोंड असा उघडा नसता."

दादाने भिंतीला डोकं टेकलं. आबा माझ्याकडे बघायला लागले, जणू मला काही सांगता येणार होतं. मला तेव्हा खरंच रडू येत होतं. महिनाभर त्या माणसाने मिलमधून येऊन, पाठ मोडेस्तोवर बसून, जे कधी पाहिलं नाही ते काढलं होतं, आणि पाहुण्याने चष्मासुद्धा न लावता त्याचा निकाल लावला होता.

तांडेलांची नजर कालवांवरून वर सरकली. बायकांच्या ओळींवर आली आणि थांबली. एका ओळीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"अशीच," ते म्हणाले. "अशीच दिसायची. मी लहान असताना किनाऱ्यार बसान ऱ्हवायचंय. सुकतीक सगळ्यो खडपार वाकलेल्यो, सगळ्यांची पाठ सारखी. ह्यातली आपली आवस खंयची ता कळायचा नाय. भूक लागली तरी हाक कोणाक मारतलंय?"

त्यांनी बोट पुढे केलं आणि मधल्या ओळीतल्या एका बाईच्या पाठीवर, पोराने आईला हात लावावा तसं, हलकेच टेकवलं. बोटाला रंग लागला, त्यांना कळलंही नाही.

"ही माजी आवस."

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. दादाच्या आलं. शालन तर हुंदके द्यायला लागली. आणि स्वयंपाकघराच्या दारातून, लूमच्या वरून, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा मायचा आवाज आला.

"ती मी शे!"

सगळे वळले. माय हात पुसत पुढे आली. "ती बी मी शे, ती बी मी शे. आख्ख्या मीच शे. दारमा वाकाडी ठेयेल व्हती माले, आनि घरमा डाळ जळी गई." तिला आपला अपमान झाल्यासारखं वाटत होतं. इतका वेळ वाकायचं हिने, आणि नाव भलतीच्याच आईचं.

मी डोळे मिटून घेतले. आता संपलं, असं मला वाटलं. पण तांडेल हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. ते मायकडे बघत राहिले. मग अगदी हळू, त्या घरात कुणी बोलत नसे इतकं हळू, त्यांनी विचारलं, "कंबर दुखली असात ना?"

माय बोलायची थांबली. तिला कुणी गप्प केलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. तिने एकदा आबांकडे पाहिलं, एकदा त्या राणी कलरच्या समुद्रातल्या आपल्या सगळ्या पाठींकडे पाहिलं. पदर डोळ्यांना लावला.

"दुखनी ना भाऊ," ती म्हणाली. "कोन इचारस?"

तांडेलांनी मान हलवली. आपल्या आईला त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नसावा, एवढं त्यांच्या तोंडावरून कुणालाही कळलं असतं. ते मुलीकडे वळले.

"शालन," ते म्हणाले, "हेंका आता वाकूक देव नको गो."

तो होकार होता हे दादाला कळायला जरा वेळ लागला, तो बापडा अजून भिंतीलाच टेकलेला होता. मायला नाही लागला. तिने डोळे पुसले, पाठ सरळ केली, खाटेवर ऐसपैस बसली आणि शालनला म्हणाली, "ऊठ मंग बेटा, चहा ठेव."